अंधेरीतल्या मॉडेलिंग एजन्सीचा रिव्ह्यू: कामं चांगली मिळतात, पैशांचा हिशोब मात्र मागून घ्यावा लागतो

मॉडेलिंग एजन्सीचे रिव्ह्यू शोधले की दोनच प्रकारचे सापडतात, एक "खूप सपोर्टिव्ह टीम, बेस्ट एजन्सी इन मुंबई" आणि दुसरा "फ्रॉड आहेत, पैसे बुडवले, जाऊ नका". मधलं कुणी लिहीतच नाही, आणि रोजचं काम करणाऱ्या मुलामुलींना नेमकं तेच हवं असतं, म्हणजे पैसा येतो कुठून, मध्ये कोण किती कापतं आणि उरलेला अकाउंटला पडतो कधी. म्हणून मी ज्या एजन्सीकडे आहे तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितेय. अंधेरी वेस्टची, मध्यम साइजची, प्रिंट, कॅटलॉग, ई-कॉमर्स आणि थोड्या टीव्हीच्या जाहिराती असं काम. नाव देत नाही, कारण ज्या गोष्टी खटकल्या त्या ह्या एकाच ऑफिसच्या नाहीत, अख्ख्या लाईनमध्ये तसंच चालतं. बुकिंगला (म्हणजे काम मिळवून देण्याला) ५ पैकी साडेचार, अकाउंट्सला अडीच, म्हणजे एकूण साडेतीन.

आधी चांगलं सांगते. जॉइन करताना एक रुपया घेतला नाही. पोलरॉइड्स काढले, म्हणजे मेकअपशिवाय, साधा काळा टॉप आणि जीन्स, पांढऱ्या भिंतीसमोर समोरून, साइडने, पाठमोरी, मग मापं घेतली आणि सांगितलं की पोर्टफोलिओ लागेल, ही तीन-चार फोटोग्राफरची नावं, ज्याचं काम आवडेल त्याच्याकडून कर आणि पैसे डायरेक्ट त्यालाच दे, आमचा त्यात काही संबंध नाही. एजन्सी ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच आहे. जिचं घर कमिशनवर चालतं ती तुम्हाला काम मिळावं म्हणून फोन फिरवते, कारण तुम्हाला मिळालं तरच तिला मिळणार. जिचं घर रजिस्ट्रेशन फी, ग्रूमिंग वर्कशॉप आणि "आमच्याच स्टुडिओचं पोर्टफोलिओ पॅकेज" ह्यावर चालतं तिची कमाई तुम्ही पैसे भरलेत त्याच दिवशी झाली, पुढे तुम्हाला काम मिळो न मिळो तिला काय फरक पडतो. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे हे लोक हॉटेलचा हॉल घेऊन ऑडिशन ठेवतात आणि आलेले सगळेच्या सगळे सिलेक्ट होतात, मग लगेच फी. घरच्यांनी सोनं गहाण ठेवून असे पैसे भरलेले मी बघितलेत आणि त्या मुलींना एकही शूट मिळालेलं नाही. तर काम देणारा तुमच्याकडून पैसे घेत असेल तर तिथूनच परत फिरा.

आता पैशाकडे. एजन्सी मॉडेलला पैसे देते ते दोन पद्धतीने. एक कमिशनवर, म्हणजे क्लायंटला बिल किती लावलं ते तुम्हाला माहीत असतं आणि त्यातले ठरलेले टक्के एजन्सी ठेवते. दुसरी नेटवर, म्हणजे तुम्हाला फोन येतो की "बारा हजार मिळतील, करतेस का?" आणि तुम्ही हो म्हणता, क्लायंटकडून एजन्सीने वीस घेतले का तीस हे तुम्हाला कधीच कळत नाही. बऱ्याच मुली मला विचारतात तुझी एजन्सी किती टक्के कापते, वीस का पंचवीस. माझं प्रामाणिक मत असं की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, कशाचे वीस टक्के? क्लायंटचं बिल दाखवत नसतील तर त्या टक्क्याला काही अर्थ उरत नाही, आणि बिल दाखवून पंचवीस घेणारी एजन्सी बिल लपवून दहा म्हणणारीपेक्षा कधीही बरी.

ह्या एजन्सीची कॅटलॉग आणि ई-कॉमर्सची कामं कमिशनवर आहेत आणि मागितलं की स्टेटमेंट मिळतं (मागावं लागतं, आपणहून पाठवत नाहीत, अकाउंट्सचे मार्क कापायला सुरुवात इथूनच होते). साड्यांच्या कॅटलॉगचं एक स्टेटमेंट समोर ठेवूनच सांगते. एका दिवसाचे क्लायंटला बिल २०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी ३,६००, म्हणजे क्लायंटने भरले २३,६००. जीएसटी सरकारचा, तो एजन्सीचाही नाही आणि माझाही नाही, त्यामुळे कमिशन २०,००० वरच लागलं पाहिजे आणि तसंच लागलंय. २० टक्के म्हणजे ४,००० एजन्सीचे, माझे १६,०००, त्यातून १० टक्के टीडीएस १,६००, अकाउंटला आले १४,४००. आता हे वाचून नवीन मुलीला वाटतं की वीस हजाराचे चौदा झाले म्हणजे लुटलं, तर तसं नाहीये, ४,००० गेले ते गेले पण १,६०० तुमचेच आहेत, तुमच्या पॅनवर जमा झालेला कर आहे तो. २०२५-२६ पासून नवीन कर पद्धतीत वर्षाचं १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न असेल तर कर शून्य येतो, मग रिटर्न भरलं की असा कापलेला टीडीएस पूर्ण परत मिळतो. रिटर्न न भरता वर्षानुवर्षं हे पैसे सोडून देणाऱ्या कितीतरी मुली आहेत, कारण कुणी सांगितलेलंच नसतं, आणि एजन्सीने हे सांगायला काय हरकत आहे हे मला अजून समजलेलं नाही.

टीडीएसवरूनच माझं पहिलं भांडण झालं. प्रोफेशनल फीवर १० टक्के कापायचा नियम आहे, एका वर्षात एकाच पार्टीकडून मिळालेली रक्कम ५० हजारांच्या वर गेली की कापावाच लागतो (एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३० हजार होती), आणि बहुतेक एजन्सी पहिल्या कामापासूनच कापतात, कारण पुढे वर जाणारच हे त्यांना माहीत असतं. कापायला माझी ना नाही. पण एका तिमाहीचे माझे पैसे कापले गेले आणि २६एएस (आपल्या पॅनवर कुणी किती कर जमा केला त्याचा सरकारी तक्ता) उघडलं तर तिथे काहीच नाही. आता लगेच आरडाओरडा करू नका, कारण तिमाही संपल्यावर एजन्सी टीडीएसचं रिटर्न भरते तेव्हाच ते तुमच्याकडे दिसतं, जानेवारी ते मार्चचं तर ३१ मेपर्यंत भरायची मुदत असते. पण ती मुदत उलटून गेली तरी दिसेना तेव्हा अकाउंट्सच्या दादांना फोन केला. "अगं भरलाय आम्ही, सिस्टीमला वेळ लागतो." परत काही दिवसांनी, "सीए बघतोय." शेवटी मी फॉर्म १६ए (टीडीएस कापल्याचं सर्टिफिकेट) मागितला, लेखी, मेलवर, मालकांना सीसी करून, तेव्हा कळलं की माझा पॅनच चुकीचा टाकलाय आणि पैसे दुसऱ्याच कुणाच्या नावावर दिसतायत. दुरुस्तीचं रिटर्न भरलं, झालं सगळं, पण मेल केला नसता तर झालं असतं का? म्हणून वर्षातून चार वेळा इन्कम टॅक्सच्या साइटवर जाऊन हा तक्ता बघायचा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि ज्यांच्याकडे काम करता त्या प्रत्येकाची एंट्री आहे का ते ताडून बघायचं.

आता मुख्य दुखणं, वेळ. शूट आज, पैसे कधी? ई-कॉमर्सवाले महिन्याचं सगळं एकदम बिल घेतात, मग त्यांची क्रेडिटची मुदत सुरू होते, ४५ दिवस, ६० दिवस, जाहिरातीत तर ९० दिवस सर्रास, आणि ते आल्यावर एजन्सी सात वर्किंग डेज घेते. करारात ओळ असते "क्लायंटकडून रक्कम प्राप्त झाल्यानंतर". ह्या एका ओळीमुळे क्लायंटने बुडवलं तर नुकसान तुमचं, एजन्सीचं फक्त कमिशन गेलं, तुमची अख्खी मेहनत गेली. मी गोरेगावला पीजीमध्ये राहते, भाडं पाच तारखेला द्यावं लागतं, मालकीणबाईंना माझा क्लायंट काय करतोय ह्याच्याशी घेणं नाही आणि असायचं कारणही नाही. घरी आई विचारते, "ह्या महिन्यात किती मिळाले?" आणि मला तिला समजावून सांगावं लागतं की ह्या महिन्यात जे आले ते दिवाळीच्या आधी केलेल्या कामाचे.

इथे एक गोष्ट लोकांना माहीत नाहीये ती सांगते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. सरकारी साइटवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइट खाजगी आहेत. आपण सेवा देतो, त्यामुळे सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी होते, आणि २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात स्पष्ट आहे की करारात काहीही मुदत लिहिली तरी ४५ दिवसांच्या वर पैसे थकवता येत नाहीत, आणि मुदतच लिहिली नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही चक्रवाढ. तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. नोंदणी कामाच्या आधीची हवी, नंतर करून उपयोग नाही. आणि आता आयकराचाही नियम असा आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच दाखवता येतो, त्यामुळे मार्च जवळ आला की ह्याचा बराच परिणाम होतो. मी बिलाच्या खाली उद्यम नंबर टाकायला लागल्यापासून अकाउंट्सचा सूर बदललाय, केस वगैरे करायची वेळ आलेली नाही.

जाहिरातीच्या कामात मात्र सगळ्यात वाईट अनुभव आला. एका घरगुती वस्तूच्या ॲडचं ऑडिशन वर्सोव्याच्या आरामनगरला झालं, लॉक झाले म्हणजे माझी निवड पक्की झाली, एजन्सीने सांगितलं बजेट ६० हजार, सगळं धरून, एजन्सीचे ॲडला २५ टक्के. म्हणजे ४५ माझे, त्यातून टीडीएस साडेचार, हातात ४०,५००. ठीक आहे म्हटलं. शूटच्या दिवशी मेकअप चालू असताना प्रॉडक्शनचा मुलगा रिलीज फॉर्म (आपलं शूट वापरायला दिलेली लेखी परवानगी) घेऊन आला, सही करायची म्हणून मी वाचायला घेतला आणि त्यात मॉडेलची फी लिहिली होती ९०,०००. मी त्याला विचारलं हे बरोबर आहे का, तो म्हणाला "हो मॅम, कोऑर्डिनेटरला तेवढंच गेलंय." म्हणजे प्रॉडक्शन हाऊस आणि माझी एजन्सी ह्यांच्या मध्ये एक कोऑर्डिनेटर होता, त्याने ९० घेतले आणि पुढे ६० सांगितले, त्या ६० वर परत एजन्सीचं कमिशन. ज्या कामाचे क्लायंटने ९० दिले त्यातले निम्मे करणाऱ्याला आणि निम्मे मधल्या दोघांना.

फॉर्मचा फोटो काढला, सही केली, काम पूर्ण केलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. मालकांनी आवाज चढवला नाही, टाळलंही नाही, त्यांनाही ६०च सांगितलेले असं म्हणाले आणि कोऑर्डिनेटरचा मेसेज दाखवला. मला ते पटलं. त्यांनी त्याच्याशी बोलून दहा हजार वाढवून घेतले आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक ॲडच्या कामाआधी मेल येतो, त्यात प्रॉडक्शनचं नाव, मध्ये कुणी आहे का, आणि क्लायंट बिलिंग किती. हे सगळ्याच मॉडेल्सना यायला हवं, मी भांडले म्हणून फक्त मलाच हे योग्य नाही, आणि मी हे त्यांना सांगितलंय. तुम्ही मात्र रिलीज फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका, सेटवर सगळे घाई करतात, लाइट लागलाय, डायरेक्टर थांबलेत, तरी वाचा.

आता ज्यासाठी बुकिंगला साडेचार दिले ते. दिवसाची फी म्हणजे त्या दिवसाच्या मेहनतीचे पैसे, फोटो कुठे आणि किती काळ वापरायचा त्याचे पैसे वेगळे, ह्याला युसेज म्हणतात आणि खरी कमाई तिथे आहे. डिजिटल, प्रिंट, होर्डिंग, पॅकेजिंग, टीव्ही, कुठल्या देशात, सहा महिने का वर्ष. माझं एका दागिन्यांच्या ब्रँडचं शूट फक्त डिजिटलसाठी होतं, एक वर्ष. पुण्यातल्या मैत्रिणीने नळ स्टॉपचा फोटो पाठवला, "अगं तू केवढी मोठी लागलीयेस!" गळ्यात ठुशी, खाली त्यांच्या नव्या शाखेचा पत्ता, अख्खं होर्डिंग. मी तो फोटो आमच्या बुकर मॅमना (एजन्सीत आमची कामं ठरवतात त्या) टाकला, त्यांनी तासाभरात ब्रँडला मेल केला, कराराचं पान जोडून, आणि होर्डिंगचे ३० हजार वेगळे मिळवून दिले. त्यावर त्यांनी २० टक्के घेतले आणि मी आनंदाने दिले, कारण हे मी एकटी करूच शकले नसते, मी फोन केला असता तर पुढच्या कॅम्पेनला दुसरी मुलगी घेतली असती. कमिशन देतो ते ह्यासाठी. फक्त साड्या आणि ड्रेस मटेरियलच्या घाऊक कॅटलॉगमध्ये हे चालत नाही, तिथे फोटो उत्पादकाकडून व्यापाऱ्याकडे, तिथून दुकानदाराकडे आणि तिथून रिसेलरच्या व्हॉट्सॲपवर जातो, कुणाकुणाला पकडणार, त्यामुळे तिथला दिवसाचा रेटच जास्त मागायचा, आमच्या मॅम तसंच करतात.

बाकी छोट्या गोष्टी. डेट ब्लॉक करून आदल्या रात्री कॅन्सल झाली तर निम्मे पैसे असं करारात आहे, प्रत्यक्षात क्लायंट मोठा असेल तर एजन्सी मागत नाही. फिटिंगचे, म्हणजे शूटच्या आधी कपडे घालून बघायला बोलावतात त्याचे, पैसे मिळत नाहीत. ई-कॉमर्सच्या दिवसात चाळीस-पन्नास ड्रेस बदलणं होतं, शिफ्टच्या वर गेलं तर ओव्हरटाइम मिळतो, पण वेळ तुम्ही स्वतः लिहून ठेवली असेल तर.

एक शूट ब्राझीलच्या मुलीबरोबर होतं, तिच्याकडून कळलं की बाहेरून इकडे येणाऱ्या मॉडेल्सचं गणित आणखी कठीण आहे. तिकीट, व्हिसा, फ्लॅटमधला बेड, आठवड्याचा पॉकेट मनी, सगळं एजन्सी आधी भरते आणि मग तिच्या कमाईतून वजा करते, ते फिटेपर्यंत हातात काही नाही. आपल्या मुली मिलान-पॅरिसला जातात तेव्हा हेच उलट्या बाजूने होतं, शिवाय इथल्या मदर एजन्सीचा, म्हणजे बाहेर पाठवणाऱ्या मूळ एजन्सीचा, वेगळा हिस्सा. जाण्याआधी कोणता खर्च माझ्या खात्यावर टाकणार ह्याची लेखी यादी मागा, आणि काम कमी मिळालं तर उरलेलं देणं माझ्या डोक्यावर राहणार का हेही विचारा. न्यूयॉर्कमध्ये ह्यावर आता कायदा झालाय, फॅशन वर्कर्स ॲक्ट, जून २०२५ पासून लागू, त्यात एजन्सीचं कमिशन २० टक्क्यांच्या वर नाही, साइन करताना डिपॉझिट नाही, आणि मॉडेलचा एआयने डिजिटल डुप्लिकेट बनवायचा असेल तर वेगळी लेखी संमती. आपल्याकडे खास मॉडेल्ससाठी असा कायदा नाही, त्यामुळे ह्या गोष्टी तुमच्या करारावरच ठरतात.

आणि म्हणूनच करारातली एआयची गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. एचअँडएमने २०२५ मध्ये ३० मॉडेल्सचे डिजिटल जुळे बनवायचं जाहीर केलं, हक्क मॉडेलकडे ठेवून. आपल्या जुन्या करारांत ओळ असते, "सर्व माध्यमांत, सध्याच्या व भविष्यातील, कायमस्वरूपी". ह्या ओळीवर सही केली की एका दिवसाच्या फीमध्ये तुमचा चेहरा पुढची दहा वर्षं कपडे बदलत राहील असं कुणी म्हणू शकतं. कॅटलॉगचं काम करणाऱ्यांनी तर हे कलम डोळ्यात तेल घालून वाचलं पाहिजे.

दुसरं कलम, करार संपल्यावरही आमच्याशी आधी बोलल्याशिवाय दुसऱ्या एजन्सीकडे जायचं नाही. ह्याला घाबरू नका. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानची ह्याच मुद्द्यावर केस झाली होती, पर्सेप्ट डीमार्क विरुद्ध झहीर खान, २००६, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुदत संपल्यानंतर असं बांधून ठेवणारं कलम १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही. मुदत चालू असतानाचं एक्सक्लुझिव्ह (फक्त ह्याच एजन्सीकडून काम करायचं) वेगळं, ते पाळावं लागतं.

तर ह्या एजन्सीकडे जावं का? कॅटलॉग, ई-कॉमर्स, प्रिंट करायचं असेल तर हो, बुकर मॅम तुमच्या बाजूने उभ्या राहतात आणि हे फार कमी ठिकाणी मिळतं. फक्त ॲड करायच्या असतील तर प्रत्येक कामाआधी क्लायंट बिलिंगचा मेल मिळेल हे लेखी घ्या आणि मगच. आणि निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय मुंबईत ह्या कामावर अवलंबून राहू नका, एजन्सी कुठलीही असली तरी.

माझा करार आता रिन्यूअलला आलाय. मी तीन बदल मागितलेत: प्रत्येक कामाचं स्टेटमेंट न मागता, एआयला वेगळी परवानगी, आणि क्लायंटने दिले नाहीत तरी ठरलेल्या दिवसांत माझे पैसे. पहिले दोन मान्य झालेत. तिसऱ्यावर ते ९० दिवस म्हणतायत, मी कायद्याचे ४५ दाखवलेत, सोमवारी परत मीटिंग आहे.